स्टडला अडकवलेली अंगठी

माणसं इंजिनात काय काय पाडतात ते मला विचारा. नट, वॉशर, पान्याचं तोंड ही रोजचीच गिऱ्हाइकं. एकाने चष्म्याची काडी पाडली होती. एकाने शर्टाचं बटण पाडलं, आणि ते कुठे गेलं हे बघायला वाकलेल्या त्याच्या सासऱ्याने खिशातलं पेन. एक महाभाग बिस्कीट खात खात काम करत होता. अर्धं बिस्कीट आत गेलं, तर मला फोन करून विचारतो, "ते विरघळेल ना हो?"

ही सगळी मंडळी शेवटी माझ्या दारात येतात. मोटरसायकली दुरुस्त करणारे गल्लोगल्ली आहेत, पण आत पडलेली वस्तू इंजिन न फोडता बाहेर काढणारा इथे मी एकटा. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. येणाऱ्याला आधी चार शब्द ऐकवतो, मग काम हातात घेतो. ऐकून घेतात बिचारे, कारण दुसरीकडे जायची सोय नसते.

सगळ्यांची चूक एकच. मोटरसायकलचा ब्लॉक, म्हणजे पिस्टनचं घर, वर उचलला की खाली चेंबरचं तोंड उघडं पडतं. चहाच्या पेल्याएवढं भोक, त्यातून वर आलेला कनेक्टिंग रॉड, आणि रॉडच्या दोन्ही अंगांना बोटही धड जाणार नाही अशा फटी. त्या तोंडात पहिल्यांदा फडकं कोंबायचं आणि मग पुढचं काम करायचं. याला काही डोकं लागत नाही. पण व्हिडिओ बघून घरच्या घरी मेकॅनिक झालेल्यांना फडक्याचं नाव काढलं की हसू येतं. मग ते माझ्याकडे येतात आणि मला हसू येतं.

या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे माझा मेहुणा, धाकट्या बहिणीचा, आमच्या छोटीचा नवरा. सोफ्यांना कव्हरं शिवतो, गाद्या भरतो. शिलाई चांगली आहे, तेवढं कबूल. बाकी माणूस म्हणजे फाटका खिसा. त्याच्या हाती दिलेली वस्तू परत मिळाली असं कधी झालं नाही. किल्ल्या, छत्र्या, चपला, आणि एकदा तर बाजारात नेलेली बायको. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं म्हणून हा गप्पा मारत मारत घरी आला, आणि छोटी पिशव्या सांभाळत अंधार पडेपर्यंत दुकानाच्या दारात उभी. लग्नातली अंगठी त्याने कुठे घालवली असेल? एका सोफ्यात शिवून टाकली. कुणाच्या, ते त्याला आठवत नाही. कुठल्या तरी घरात पाहुणे आज माझ्या बहिणीच्या संसारावर बसून चहा पीत असतील.

तेव्हा छोटीने स्वतः दुसरी अंगठी आणली. मुद्दाम जाड, बटबटीत घेतली, बोटातून गेली तर याला जाणवावी म्हणून. "ही हरवलीस तर मलाही हरवलीस असं समज," असं सांगून तिनेच त्याच्या बोटात घातली. पुढे तो कुलपाचा प्रकार झाला. छोटी तापाने फणफणत बाहेरून घरी आली, तर दाराला कुलूप, आणि दोन्ही किल्ल्या घेऊन साहेब बाहेर. ती दिवसभर जिन्यात बसून राहिली. हा आला तो किल्ल्यांशिवायच आला. छोटी तिथून उठली ती तडक आईकडे, म्हणजे माझ्याच घरी.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? पण थोड्याच दिवसांत तिने खिडकीतली जागा धरली. जेवायला हाक मारली की यायची, चार घास चिवडायची आणि उठायची. आई एकदा तिच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे. असल्या माणसासाठी कुणी झुरावं याची मला कमाल वाटते. पण ती झुरत होती आणि ते मला बघवत नव्हतं. शेवटी तिनेच त्याला फोन केला. रविवारी दुपारी येते म्हणाली. अंगठी बोटात दिसली तर जिना चढेन, नाहीतर आले त्याच गाडीने परत, आणि मग पुन्हा कधी नाही. छोटी असं बोलली की तसंच करते. लहानपणापासूनची खोड आहे.

त्या रविवारी मी सकाळीच दुकानात कामाला आलो होतो. तिथे मेहुण्याचा फोन आला.

"दादा, जरा येता का? एक बारीकशी वस्तू पडलीय."

"कशात?"

त्याने आईची तब्येत विचारली.

"जावईबापू, कशात?"

"गाडीच्या इंजिनात."

"आणि वस्तू कुठली?"

"तुम्ही या ना," तो म्हणाला. आवाज इतका रडवेला होता की मला पुढे विचारावंच लागलं नाही. मी फोन ठेवला आणि एकटाच खो खो हसलो.

त्याचं कामाचं ठिकाण घराखालीच आहे. वर दोन खोल्या, खाली लांबट हॉल. भिंतींना छतापर्यंत फोमचे तक्ते टेकवलेले, मध्ये कापड बेतायचं टेबल, एका बाजूला सोफ्यांचे उघडेवाघडे सांगाडे. डिंकासारखा एक गोडूस वास तिथे कायम असतो. त्या हॉलमध्ये आवाज मरतो. सगळा फोम पिऊन टाकतो. बोललेला शब्द तोंडासमोरच पडल्यासारखा वाटतो. मला ती जागा कधीच आवडली नाही.

हॉलच्या मधोमध ती मोटरसायकल उभी होती. कितव्या हातातली ते देवाला ठाऊक. घेताना त्याने मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नव्हतं. अलीकडे धूर मारत होती. छोटी येणार, तिला पूर्वीसारखं मागे बसवून फिरवावं, म्हणून यानं माझी बोलणी टाळायला स्वतःच पिस्टन बदलायचा घाट घातला होता. टाकी उतरवलेली, हेड काढलेलं, ब्लॉक खाली वर्तमानपत्रावर. चेंबरचं तोंड उघडं.

"अंगठी काढलीस कशाला?"

"तुम्हीच म्हणाला होतात, दादा. अंगठी घालून इंजिनात हात घालणारा गाढव असतो, एक दिवस बोट जातं त्याचं."

म्हणालो होतो खरा. गाढवाला एवढंच लक्षात राहिलं.

"मग ठेवलीस कुठे?"

त्याने बोट दाखवलं. चेंबरमधून चार सळया उभ्या वर येतात, त्यांना आम्ही स्टड म्हणतो. ब्लॉक त्यांच्यावर बसतो. "त्या स्टडला अडकवली. म्हटलं, डोळ्यांसमोर राहील, विसरायला नको. मग घालायला गेलो, तर हात तेलाचा..."

त्या हॉलमध्ये टेबल होतं. टेबलाला खण होता. याच्या शर्टाला खिसा होता. एवढ्या जगात जिथून सुटलेली वस्तू थेट इंजिनातच पडेल अशी एकच जागा होती, ती याने शोधून काढली. आणि तोंडात फडकं? कापडात लोळणारा माणूस हा, पायाशी चिंध्यांचं भरलेलं पोतं, आणि फडकं नव्हतं. मी हे सगळं त्याला ऐकवलं. तो सोफ्याच्या सांगाड्यावर बसून, हात गुडघ्यांत धरून ऐकत राहिला. अशा माणसाला बोलण्यातही मजा येत नाही.

"सोनं आहे," मी म्हणालो, "लोहचुंबक चालायचं नाही. इंजिन उतरवून चेंबर फोडायचं तर दिवस जाईल. छोटी किती वाजता येतेय?"

"जेवणं झाली की निघते म्हणाली."

"मग गप्प बस आणि हात लावू नकोस कशाला."

आधी सोपा उपाय. चेंबरच्या तळाशी ऑइल सोडायचा बोल्ट असतो. तो काढायचा, खाली घमेलं ठेवायचं आणि वरून रॉकेल ओतायचं. धारेबरोबर बारीकसारीक वस्तू भोकापर्यंत येते, मग तारेने काढता येते. मी अर्धी बाटली ओतली. खाली चार थेंब पडले. उरलेली अर्धी ओतली. पुन्हा चार थेंब. गाळ अडकला असेल म्हणून खालून तार घातली, तर भोक स्वच्छ, तार सरळ वर गेली. मग मी कॅनच उचलला आणि संपेपर्यंत ओतला. एवढ्याशा इंजिनात त्याच्या पावपटही मावायला नको होतं. घमेल्याचा तळ नुसता ओला झाला होता.

"जातंय कुठे?" मेहुण्याने विचारलं.

"तुझ्या डोक्यात. तिथे बरीच जागा आहे."

बोललो खरा, पण कान लावला. वरून ओतलेलं रॉकेल आत पडल्याचा आवाज यायला हवा तो येत होता, फक्त फार उशिरा येत होता. मी मनात म्हटलं, या फोमच्या वखारीत आवाजाचं काय खरं आहे. जोडातलं गॅस्केट फाटून गिअरच्या बाजूला गेलं असेल सगळं. असल्या भंगारात काहीही होतं.

दुसरा उपाय माझा स्वतःचा. बारीक पोलादी तार, तिच्या टोकाला लहानसा आकडा, आकड्यावर चिकट ग्रीसचा गोळा. तार फटीतून सोडायची, तळ चाचपायचा. वस्तू ग्रीसला चिकटते. या युक्तीने मी तांब्याच्या वॉशरपासून दाताच्या कवळीच्या तुकड्यापर्यंत काय काय काढलं आहे. मी तार सोडली आणि तळ लागायची वाट पाहिली. तो लागला नाही. तार कुठे तरी वळत असणार. थोडी फिरवली आणि वर घेतली.

ग्रीस नव्हतं. फडक्याने निपटून घ्यावं तसं टोक कोरडं होतं. रॉकेलने धुतलं गेलं, मी म्हणालो, मोठ्यानेच म्हणालो. पण रॉकेलचा वासही तारेला नव्हता.

पुन्हा ग्रीस लावून सोडली. या वेळी तारेला किंचित ओढ लागली. गळाला मासा लागतो तशी नाही. दुसऱ्या टोकाला कुणी तार बोटांत धरून बघावी तशी. मला वाटलं, आकडा कशाला तरी अडकला. मी हिसका दिला.

"दादा, असं ओढू नका," मेहुणा एकदम म्हणाला. "रागावतील."

"कोण?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. आपण काय बोललो हे त्यालाच कळलं नसावं. "काही नाही," तो म्हणाला.

तार सुटून वर आली. टोकाचा आकडा मी पक्कडीने वळवला होता, नखाएवढा. तो आता उलटा वळला होता आणि तार फिरून स्वतःलाच येऊन भिडली होती. एक गोल तयार झाला होता, नीट, सुबक. सोनार बोटाचं माप घेतो तेवढा. पोलादी तार, मला पक्कडीशिवाय वाकली नव्हती. मी तो गोल मेहुण्याला दिसू न देता कापून टाकला.

मला राग आला होता. भीती म्हणाल तर नव्हती. मी भुताखेतांवर बोलणाऱ्या माणसाला दुकानाची पायरीसुद्धा चढू देत नाही. राग याचा की असल्या माणसाच्या असल्या खटाऱ्याने मला हात टेकायला लावावेत. माझ्याकडे एक कॅमेरा आहे, लांब दोरीसारख्या वायरच्या टोकाला बसवलेला, करंगळीहून बारीक, भोवती दिवे. फोनला जोडला की आतलं दिसतं. स्वस्तातला माल आहे आणि मला त्याचा वापर कमीपणाचा वाटतो. पण वेळ कमी होता. जेवणाची वेळ टळून गेली होती.

वायर फटीतून सोडली. फोनवर आधी रॉडखालच्या क्रँकची चकचकीत बाजू दिसली, मग चेंबरची भिंत, तिच्यावरचे ओतकामाचे ओरखडे. इथवर सगळं ओळखीचं. मग भिंत संपली. नुसता काळोख, त्यात दिव्यांचा उजेड पोहोचेल असं काही नाही. मी वायर सोडत गेलो. ती जात राहिली. चेंबर म्हणजे केवढं, भात शिजवायच्या पातेल्याएवढं. मी माझ्या हातातून जाणारी वायर बघत होतो. शेवटी फोनच चेंबरच्या तोंडाला येऊन टेकला, कारण वायर संपली होती.

"गुंडाळी होतेय आत," मी म्हणालो.

मेहुणा माझ्या खांद्यावरून बघत होता. "ती बघा," तो म्हणाला.

पडद्यावर दूर एक पिवळा ठिपका होता. अंगठीच होती, शंका नको. पण तळाला पडलेली वस्तू आडवी असते. ही उभी होती. जमिनीपासून वर, हवेत म्हणावी तशी, स्थिर. मग ती थोडी हलली, आणि हलली ती आमच्या दिशेने. लगेच सगळं पांढरं झालं.

मी वायर ओढून काढली. कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरली होती. हिवाळ्यात आरशावर तोंडाने हाऽ करावं, तशी. ते इंजिन दोन दिवस सुरू झालं नव्हतं. मी चेंबरला हात लावून पाहिला. थंडगार होतं.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन वाजला. त्याने स्पीकरवर घेतला, नेहमीसारखं चुकून.

"कोपऱ्यावर आलेय," छोटीचा आवाज. "खाली उभा राहा. आणि हात बाहेर काढून उभा राहा."

"हो," तो म्हणाला.

"आहे ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

"आहे," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

आता खरं सांगतो. त्या क्षणी मला त्याचा नेहमीचा तिटकारा आला नाही, तर छोटीच्या त्या 'आहे ना?'चं वाईट वाटलं. इतकी मोठी बाई, आणि आवाज परीक्षेचा निकाल विचारणाऱ्या पोरीसारखा. ती परत गेली तर खिडकीतून आता उठायची नाही, हे मला ठाऊक होतं.

"चल," मी म्हणालो, "खरं काय ते सांग तिला. मी येतो बरोबर."

मेहुणा हलला नाही. तो मोटरसायकलशेजारी गुडघ्यांवर बसला. बाही वर केली.

"मी बघू का, दादा?"

"बघ ना! मी सकाळपासून इथे माशा मारतोय. तुझं बोट जाईल तिथे? रॉड आहे मध्ये, दिसतो का? पालथ्या घड्यावर पाणी नुसतं."

त्याने दोन बोटं फटीत घातली.

मग चार.

मग तळवा. मी जवळच उभा होतो. ती फट माझ्या करंगळीला पुरत नाही. रॉड तिथेच होता, सरळ, हललेला नव्हता. आणि त्याचा हात मनगटापर्यंत आत गेला होता.

"अरे," मी म्हणालो.

तो वाकला. हात कोपरापर्यंत गेला. तो चाचपत नव्हता. ओळखीच्या घरात अंधारात दिव्याचं बटण शोधतात, तसा निवांत होता.

मग थांबला.

"दादा," तो म्हणाला. "कुणीतरी हात धरलाय."

फोमने तो आवाज पिऊन टाकला. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"काढ बाहेर. ओढ!"

"ओढत नाहीयेत. नुसता धरलाय."

मी त्याच्या खांद्याला हात घातला. त्याने मान हलवली, नको म्हणून. चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा होता. घाबरलेला नाही. जन्मभर ज्याला कुणी विश्वासाने काही सांभाळायला दिलं नाही, त्याला कुणीतरी काही दिलं असावं असा.

"बोट धरलंय," तो म्हणाला. "घालतायत."

मी त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"थँक्यू," तो खाली, त्या भोकात म्हणाला.

आणि हात बाहेर काढला.

स्वच्छ होता. सकाळपासून तेलात असलेला हात, नखांतसुद्धा काळं नव्हतं. अंगठी बोटात होती. मी त्याचं मनगट धरून उजेडाकडे नेलं. छोटीने आणलेली ती जाडजूड अंगठी माझ्या डोळ्यांसमोर आहे, मी तिच्यावरून त्याला कितीदा तरी चिडवलं होतं. ही तीच होती, तिच्यावरची बारीक नक्षी अर्धीमुर्धी ओळखू येत होती. बाकी झिजून गेली होती. कडा गुळगुळीत, जाडी तारेएवढी. आमच्या आजीच्या बोटातली अंगठी तिच्या शेवटच्या दिवसांत तशी झाली होती. ही सकाळी पडली होती.

"फिरवून बघ," मी म्हणालो.

फिरेना. अंगठीखाली बोटाला खोल वळ पडला होता, वर्षानुवर्षं न काढलेल्या अंगठीखाली पडतो तसा. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला.

आम्ही दारात आलो. छोटी उतरली. ड्रायव्हरला तिने हातानेच थांब म्हटलं. गाडीचं इंजिन चालू, दार उघडं, आणि ही पायरीच्या खाली उभी. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिची नजर त्याच्या हातावर होती. तिने सांगितल्याप्रमाणे त्याने हात पुढे केला.

ती जवळ आली आणि वाकून बघत राहिली. अंगठ्याने अंगठीची कड चाचपली. खालचा वळ पाहिला.

"इतकी झिजली?" ती म्हणाली. मग आवाज बदलला. "काढलीच नाहीस ना कधी?"

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. तिथे मी एक शब्द बोललो असतो तर ती त्या गाडीत बसली असती. एरवी मला गप्प बसवायला दहा माणसं लागतात. छोटीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती, कित्येक महिन्यांनी. खरं काय ते मी नाही बोललो.

"नाही," मीच म्हणालो शेवटी. "नाही काढली."

तिने ड्रायव्हरला जा म्हणून सांगितलं. गाडी गेली. बॅग रस्त्यावर उरली. छोटीने मेहुण्याचा हात दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला, मग लाजून आजूबाजूला पाहिलं.

"बॅग घे ना," ती म्हणाली.

तो बॅग घ्यायला गेला. जड होती. दोन्ही हातांनी उचलून, पोटाशी धरून तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

"पुरे आता," छोटी हसत म्हणाली. "सोड. लोक बघतील."

ती आमच्याकडे बघत नव्हती. जिन्याकडे तोंड करून उभी होती आणि तिचा उजवा हात अंगापासून थोडा दूर, पुढे झाला होता. बोटं मिटलेली होती, पण पूर्ण मिटलेली नव्हती. मधे काहीतरी असल्यासारखी. दाबलं गेल्यावर होतात तशी पेरं पांढरी झाली होती.

मेहुण्याने खाली, बॅगेच्या पट्ट्यांवरच्या आपल्या दोन हातांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"इतका घट्ट कधी धरला नव्हतास रे," छोटी म्हणाली, आणि जिना चढू लागली.

आम्ही दोघं खालीच होतो. दुसऱ्या पायरीवर तिचा पाय घसरला. तिचा हात वर ओढला गेला, ती सावरली, आणि पुढे, रिकाम्या पायऱ्यांकडे बघून लाडाने म्हणाली, "हळू चल ना."